पाच वाजताची वडी

आपल्यापैकी ज्यांच्या घरी लेक किंवा सून दोन जिवांची असेल, त्यांच्या फडताळात या घटकेला लाडवांचा एखादा डबा असणारच. माझ्याही होता. स्टीलचा, कडीचा, माझ्याच रुखवतातला. सदुसष्टाव्या वर्षी त्या डब्यापायी माझी जी फजिती झाली आणि त्यानंतर स्वयंपाकघरात मला जे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले, ते आपल्याला सांगावेसे वाटते. गर्भवतीची काळजी घेणारे हात बहुतेक घरांत आपल्याच वयाचे असतात, आणि आपल्या हातांना सवयी फार असतात.

माझी लेक पुण्यात नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिचे पहिले गर्भारपण दहाव्या आठवड्यातच संपले होते. त्या वेळी मी सांगलीहून पोहोचेपर्यंत सारे उरकले होते, आणि ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. या खेपेस पाचवा महिना लागताच मी घराला कुलूप घातले, सत्त्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंना सोबत घेतले आणि तिच्याकडे मुक्कामाला गेले. यजमानांना जाऊन सहा वर्षे झाली. सासूबाईंना मागे ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. सामानात तासगावचे बेदाणे, कोल्हापुरी गुळाची अर्धी ढेप आणि ओळखीच्या घरचे दोन किलो तूप होते. कपडे त्यामानाने थोडे होते.

पहिल्याच आठवड्यात लाडू वळले. अर्धा किलो कणीक, 300 ग्रॅम तूप, 350 ग्रॅम गूळ, खारकेची पूड आणि बदाम प्रत्येकी 100 ग्रॅम. त्याचे तीस लाडू झाले. लेकीला कार्यालयात अकरा वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता भूक लागे. ती भूक साधी नसे; हात थरथरत, डोळ्यांपुढे अंधारी येई. म्हणून डब्यात दोन लाडू जात. रात्री दुधाबरोबर तिसरा मी आग्रहाने देई. "दोघांचं खायचं आहे तुला," हे माझे वाक्य, आणि "खाऊ दे गं, पोटात बाळ आहे," ही सासूबाईंची पुस्ती. लेक निमूटपणे खाई. आता वाटते, तिला भूक असे त्याहून अधिक ती माझ्यासाठी खात होती.

सव्विसाव्या आठवड्यात तिची साखरेची तपासणी झाली. ही तपासणी आपल्या तरुणपणी फारशी कोणी करत नसे, म्हणून थोडे सांगते. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. साखर 140 किंवा त्याहून अधिक भरली, तर गर्भारपणातला मधुमेह धरतात. आपल्याकडे गर्भवतीची ही तपासणी पहिल्याच भेटीत आणि ती ठीक आली तर 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करावी, असा सरकारी आरोग्यसेवेचा दंडक आहे. लेकीची पहिली तपासणी ठीक होती. दुसरीचा आकडा आला 172.

त्या दिवशी घरी परतताना ती रिक्षात काहीच बोलली नाही. घरी आल्यावर बूट न काढताच खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आई, या वेळीपण काहीतरी होणार का गं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी पाणी आणायला आत गेले, आणि समोर तो डबा.

दुसऱ्या दिवशी आम्ही आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. वयाने माझ्या लेकीएवढ्याच असतील. त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंतचे खाणे विचारून लिहून घ्यायला सुरुवात केली. मधल्या खाण्याला लेक म्हणाली, "घरचा लाडू असतो एखादा." बाईंनी "एक" लिहिले. मी गप्प होते. घरचे आणि तेही आईच्या हातचे, त्याची मोजदाद काय करायची, असा एक भाबडा अभिमान तोवर मनात होता. पण कागदावरचा तो एकचा आकडा मला सहन होईना. शेवटी म्हणाले, "एक नाही हो, तीन. आणि लहान नाहीत."

बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्यांनी मला प्रमाण विचारले, आणि मी वर लिहिले तसेच सांगितले. त्यांनी हिशेब मांडला. एक लाडू साधारण 45 ग्रॅमचा. त्यात गूळ, खारीक आणि कणीक मिळून 26 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके, म्हणजे दीड चपातीएवढी. ऊर्जा सुमारे सव्वादोनशे किलोकॅलरी. तीन लाडू म्हणजे जेवणाखेरीज चार चपात्यांहून अधिक. आणि गर्भवतीला रोजच्या आहारापेक्षा जास्तीची लागते ती ऊर्जा साधारण 350 किलोकॅलरी! माझे "दोघांचे" खाणे दुसऱ्या लाडवाच्या मध्यावरच संपत होते.

"म्हणजे माझ्या लाडवांनी हे झाले?" मी विचारले. आवाज जरा कापलाच.

त्यांनी जे समजावले ते आपणही नीट ऐकावे, कारण अशा वेळी घराघरांत दोष वाटला जातो, आणि तो बहुधा त्या पोरीच्याच पदरी पडतो. वारेतून तयार होणारी काही संप्रेरके आईच्या शरीरातील इन्सुलिनचे काम अडवतात. हे प्रत्येक गर्भवतीत होते. बहुतेकींचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून ती तूट भरून काढते. काहींना ते जमत नाही, आणि साखर चढते. ती साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन बनवू लागते, अंगाने प्रमाणाबाहेर वाढते, आणि जन्मल्यावर आईकडून येणारी साखर थांबली की त्याची साखर एकाएकी उतरू शकते. लाडवांनी आजार जन्माला घातला नव्हता. आजार असताना ते भर घालत होते, एवढेच. "घरात कुणाला मधुमेह आहे?" त्यांनी विचारले. बारा वर्षे गोळ्या घेणारी मी समोरच बसले होते. आईवडिलांना मधुमेह असला तर ही शक्यता वाढते. लाडवांच्या आरोपातून सुटले आणि या दुसऱ्यात सापडले. त्यावर मात्र काही उपाय नव्हता.

पाच वाजताच्या भुकेवर तरी उपाय हवाच होता. उपाशी राहणे तिला चालणार नव्हते. जावयांनी उत्साहाने बाजारातल्या पौष्टिक बारची दोन खोकी आणली. वेष्टणावर ओट्सची कणसे आणि डोंगर. मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरे वाचली. आपणांस ठाऊक असेल किंवा नसेल, पण वेष्टणावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. जे पहिले, ते सर्वांत जास्त. एका खोक्यावर ओट्सपाठोपाठ ग्लुकोज सिरप होते, मग मध, मग पुन्हा साखर. तीन नावांनी एकच पाहुणी. दुसऱ्यावर ठळक अक्षरांत "साखर घातलेली नाही" असे होते आणि यादीत पहिले नाव खजुराचे. ती खोकी जावयांनीच संपवली.

मग मी म्हटले, बार म्हणजे तरी काय, आपली वडीच ना? वडी थापण्यात माझे आयुष्य गेले आहे. पण गूळ किंवा साखरेचा पाक काढून टाकला की वडी कशाच्या आधाराने उभी राहणार, हे तोवर मनात कधी आलेच नव्हते. आपली चिक्की, आपली नारळाची वडी, सारी पाकावर उभी असते.

पहिला प्रयोग नुसत्या खजुराचा. पाव किलो खजूर वाटला, वर काजू-बदाम. सुरेख, चकचकीत वड्या पडल्या. खजूर नैसर्गिक, त्यात लोह, असे मनाशी घोकत होते. लेकीला आता घरी बोटातून रक्त घेऊन साखर पाहायला सांगितले होते: उपाशीपोटी 95 च्या आत, खाल्ल्यावर दोन तासांनी 120 च्या आत. पाच वाजता तिने दोन वड्या खाल्ल्या; सात वाजता यंत्रावर 138. खजुराच्या वजनातला निम्म्याहून बराच अधिक भाग साखरेचाच असतो, हे आहारतज्ज्ञ बाईंनी फोनवर सांगितले. गुळाचेही तसेच. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने तो साखरेचा सख्खा भाऊ. मी स्वतः बारा वर्षे "गुळाचा चहा चालतो" असे म्हणत आले होते. ते त्या संध्याकाळी बंद केले.

दुसऱ्या प्रयोगात गोड काहीच घातले नाही. थापली, कापली, आणि सुरी लागताच तिचा भुगा झाला. तो भुगा सासूबाईंनी कोमट दुधात कालवून खाल्ला आणि "हे बरं लागतं, रोज देत जा," असा हुकूम सोडला. त्यांना दात चार. गेल्या वर्षभरात वजन उतरत चालले होते, चपाती चावत नसे, दुपारचे जेवण निम्मे ताटात राही. ज्या गोष्टीसाठी महिनोन्महिने त्यांच्या मागे लागले होते, ती अशी चुकून साधली. शेवटपर्यंत त्यांच्यासाठी वडी खलबत्त्यात बारीक कुटून, दुधात भिजवूनच देत होते. घरात म्हातारे माणूस असेल तर अख्खे दाणे वा बदाम त्यांच्या तोंडात पडू देऊ नयेत, ठसका लागतो. गिळताना त्रास होत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

तिसऱ्या खेपेस युक्ती सुचली ती शेंगदाण्यांची. भाजलेले दाणे मिक्सरमध्ये थांबत थांबत इतके फिरवायचे की कुटाचा लगदा होऊन तेल सुटू लागते. तो लगदाच पाकाचे काम करतो. माझे प्रमाण असे बसले: शेंगदाणे 150 ग्रॅम, डाळव्याचे पीठ 75, तीळ, बदाम आणि भोपळ्याच्या सोललेल्या बिया प्रत्येकी 50, राजगिऱ्याच्या लाह्या 25, आणि बिया काढलेला खजूर 75 ग्रॅम, तूप एक मोठा चमचा. दाणे मंद आचेवर भाजून, सोलून घ्यावेत. सोलताना सुरकुतलेला, काळपट किंवा बुरसट वास येणारा दाणा दिसला तर टाकून द्यावा, काटकसर करू नये. दाण्यावरच्या बुरशीचे विष भाजण्यानेही पुरते जात नाही. तीळ, बिया आणि भरड बदाम वेगवेगळे कोरडे भाजावेत, तीळ तडतडू लागले की लगेच उतरवावेत. खजूर थोड्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवून वाटावा. कढईत तूप घालून खजुराचा गोळा कडा सोडेपर्यंत परतावा, गॅस बंद करावा, त्यात दाण्यांचा लगदा, मग डाळव्याचे पीठ, मग बाकीचे सारे घालून हाताने मळावे. वेलदोडा, चिमूटभर सुंठ आणि कणभर मीठ. मीठ विसरू नये, गोडी कमी असलेल्या पदार्थाला त्यानेच चव येते. तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडाने जोर लावून थापावे. जोर महत्त्वाचा. दोन तास फ्रिजमध्ये ठेवून मग कापावे. वीस वड्या होतात. खजुरात पाणी असल्याने बाहेर टिकत नाहीत. फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात पाच-सहा दिवस, त्याहून अधिक नाही.

माझ्या हिशेबाने एका वडीत सुमारे 120 किलोकॅलरी, साडेचार ग्रॅम प्रथिने आणि आठ-नऊ ग्रॅम कर्बोदके येतात. पाच वाजता एक वडी, सोबत ताकाचा पेला. सात वाजता यंत्रावर 109. लेकीने तो आकडा मला कार्यालयातून फोन करून सांगितला; मी तो गॅसच्या शेजारी भिंतीवर पेन्सिलने लिहिला. भाड्याचे घर आहे, पण असो.

सारे गोडगोड झाले असे मात्र समजू नये. डाळव्याऐवजी ओट्स घातले तर वडी मऊ पडते, मला आवडली नाही. हळीव घालायचा माझा हट्ट होता. सासूबाईंनीच मोडला, "ते बाळंतपणानंतर," म्हणून. लोहाची गोळी ती वडीबरोबर घेत असे, तेही चुकत होते. तिळातले कॅल्शियम आणि मागून येणारा चहा, दोन्ही लोहाला आड येतात. गोळी मग दोन खाण्यांच्या मधल्या वेळेत, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, अशी घडी बसवली. या गोळीत असलेल्या फॉलिक आम्लाची गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. 1928 मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर गिरण्यांत राबणाऱ्या गर्भवती बायकांच्या पंडुरोगाचा अभ्यास करायला मुंबईत आल्या. यीस्टच्या अर्काने तो रोग बरा होतो हे त्यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्या अर्कातले गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. सासूबाईंचा जन्म परळचा. ही हकिकत त्यांना सांगितली तेव्हा त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. त्यांची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणातच गेली, "पांढरीफटक पडली होती," एवढे त्या बोलल्या. चाळीस वर्षांच्या सहवासात हे मी प्रथमच ऐकत होते.

आणि बत्तिसाव्या आठवड्यात इन्सुलिन सुरू करावे लागलेच. दिवसाचे आकडे आटोक्यात होते, पण सकाळचा उपाशीपोटीचा आकडा 101, 104 असा हट्टाने वर राही. त्यावर वडीचा किंवा चालण्याचा काही उपाय चालला नाही. मला तो स्वतःचा पराभव वाटला. मी डॉक्टरांना विचारले, रात्रीचे जेवण आणखी कमी केले तर? त्या स्पष्टच म्हणाल्या, की खाणे तोडून आकडा खाली आणायचा नाही, बाळाला ते परवडत नाही. इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही, निर्धास्तपणे द्या. लेक सुईला घाबरे. पहिल्या रात्री सुई मी दिली. मी स्वतः बारा वर्षे "सुईवर जायची वेळ येऊ नये" म्हणून देवाला साकडे घालत होते, आणि त्या रात्री लेकीच्या मांडीची चिमूट धरून ती टोचताना माझ्या मनातले ते भय कुठे गेले, कळले नाही. "झालं?" तिने डोळे मिटूनच विचारले. "कधीच," मी म्हणाले.

डोहाळजेवणात शेजारणींनी पाच तऱ्हेची पक्वान्ने आणली. मी दारातच सगळ्यांना सांगितले, की ती चाखेल, पण वाढून आग्रह करायचा नाही. दोघी-तिघी रुसल्या. एकीने मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटले, "पोटुशी पोरीला तोंडचा घास मोजून देतात बाई." त्या जागी सहा महिन्यांपूर्वी मीच असते, म्हणून राग आला नाही. खोटे कशाला बोलू, थोडा आला.

एकोणचाळिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. दोन किलो नऊशे ग्रॅम. जन्मानंतरच्या काही तासांत तिच्या टाचेतून पुन्हा पुन्हा रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहिली गेली. प्रत्येक वेळी ती रडे, आणि प्रत्येक वेळी परिचारिका "ठीक आहे" म्हणेपर्यंत आम्ही तिघे उभे राहत असू. लेकीला अंगावर पाजायला लगेच सुरुवात करायला सांगितले होते. इन्सुलिन त्याच दिवशी थांबले.

आपल्या घरी असा प्रसंग असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मोजण्याचे यंत्र प्रत्येक शरीराचे वेगळे उत्तर देते, म्हणून माझे प्रमाण जसेच्या तसे न उचलता आधी आपल्या डॉक्टरांना वा आहारतज्ज्ञांना दाखवावे. शेंगदाण्याची किंवा तिळाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ही वडी चालणार नाही, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्या ज्येष्ठांनी दाणे-बियांचे प्रमाण विचारूनच ठरवावे. दुसरे असे, की बाळंतपणाने हा मधुमेह बहुधा मिटतो, पण अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांहून बरीच जास्त राहते. म्हणून बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची असते, आणि ती हमखास राहून जाते. बाळाच्या लसी सगळ्यांना आठवतात. बाळाच्या आईचे रक्त कोणाच्या लक्षात राहत नाही.

आमच्याकडेही राहिलेच असते. सहावा आठवडा उलटून चार दिवस झाले, रात्रीची जागरणे चालू, लेक म्हणाली पुढच्या महिन्यात पाहू. मी कॅलेंडरवर गोल करून ठेवला होता, तो तिच्यासमोर धरला. सकाळी ती आणि मी प्रयोगशाळेत गेलो, नातीला सासूबाईंच्या मांडीवर आणि जावयांच्या नजरेखाली ठेवून. तेच 75 ग्रॅम ग्लुकोज, तेच दोन तास. या वेळी ती भिंतीकडे पाहत नव्हती. फोनवर मुलीची छायाचित्रे उलटीसुलटी करून मला दाखवत होती. रक्त देऊन झाल्यावर तिने माझ्या पिशवीत हात घातला आणि विचारले, "आई, वडी आणलीस ना?"

आणली होती. दोन. एक तिला, आणि सकाळची गोळी घेऊन आलेल्या मला एक. अहवाल संध्याकाळी आला, 116. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवरच्या 109 च्या खाली तो लिहिला, आणि त्याच्या खाली पुढच्या वर्षीचा महिना.